उपाहारगृहाची फ्रँचायझी : करारावर सही करण्यापूर्वी

सेवानिवृत्तीच्या वेळी हाती येणारी भविष्य निर्वाह निधीची आणि उपदानाची रक्कम ही मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यात बहुधा एकदाच येणारी मोठी रक्कम असते. पूर्वी ती घर, मुलीचे लग्न, शेतातील विहीर किंवा बँकेतील मुदत ठेव या ठरलेल्या वाटांनी जात असे. अलीकडे तिला आणखी एक वाट फुटली आहे. पदवीधर मुलाला नोकरी नाही, बाजारपेठेत गाळा मिळण्यासारखा आहे आणि एखाद्या परिचित नावाची कंपनी ‘आमच्या नावाचे उपाहारगृह काढा’ असे निमंत्रण देत आहे. चहा, वडापाव, पिझ्झा, बिर्याणी यांची अशी साखळी दुकाने आता महानगरांपुरती राहिलेली नाहीत. ती तालुक्याच्या गावी, बसस्थानकासमोर आणि महामार्गाच्या फाट्यावरही दिसू लागली आहेत.

या व्यवसायात यश मिळविणारे पुष्कळ आहेत, तसेच वर्ष-दीड वर्षात फलक उतरवून कर्जाचे हप्ते फेडत बसलेलेही आहेत. दोघांतील फरक बहुतेक वेळा कष्टांचा नसतो. सही करण्यापूर्वी कोणते प्रश्न विचारले गेले आणि कोणते राहून गेले, यावर तो पुष्कळसा अवलंबून असतो. गावात अशा प्रसंगी सल्ला विचारला जातो तो शिक्षकाला, ग्रामसेवकाला किंवा पंचायतीच्या सदस्याला. त्यामुळे या व्यवहाराची घडण त्यांना ठाऊक असणे उपयुक्त ठरते.

नाव दुसऱ्याचे, जोखीम स्वतःची

फ्रँचायझी म्हणजे एखाद्या व्यवसायाचे नाव, चिन्ह आणि कार्यपद्धती ठराविक मुदतीसाठी वापरण्याचा, मोबदला देऊन मिळविलेला परवाना होय. यात दुकान विकत मिळत नाही. मिळतो तो वापराचा हक्क. गाळ्याचे भाडे, सजावट, यंत्रे, नोकरांचे पगार, वीज, गॅस हे सर्व परवाना घेणाऱ्याने सोसावयाचे. पदार्थ कोणता, किंमत किती, भिंतीचा रंग कोणता, हे मात्र कंपनी ठरविते. नफा झाला तर तो परवाना घेणाऱ्याचा, पण तोटाही त्याचाच. कंपनीचे स्वामित्वशुल्क, म्हणजे रॉयल्टी, बहुधा विक्रीवर आकारली जात असल्यामुळे तोट्याच्या महिन्यातही ते द्यावे लागते.

या पद्धतीचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील मॅक्डोनल्ड्सचे. रे क्रॉक यांनी १९५५ मध्ये इलिनॉय राज्यातील डेस प्लेन्स येथे आपले पहिले उपाहारगृह उघडले. पुढच्याच वर्षी जागा ताब्यात घेऊन त्या परवानाधारकांना भाड्याने देणारी एक स्वतंत्र कंपनी स्थापन करण्यात आली आणि कंपनीच्या उत्पन्नाचा मोठा भाग पुढे या भाड्यातून येऊ लागला. लोकांच्या लेखी तो हॅम्बर्गरचा धंदा होता. हिशेबाच्या वहीत तो पुष्कळसा जागांचा धंदा ठरला.

भारतात केंटकी फ्राइड चिकन १९९५ मध्ये बंगळूरला आले. डॉमिनोज आणि मॅक्डोनल्ड्स १९९६ मध्ये आले. महाराष्ट्रात वडापावसारखा हातगाडीवरचा पदार्थही या पद्धतीत बसविण्यात आला. ‘जम्बो किंग’ची सुरुवात २००१ मध्ये मालाड येथे, तर ‘गोली’ची २००४ मध्ये कल्याण येथे झाली. मुंबईतील इराणी आणि उडुपी उपाहारगृहे मात्र अशा करारांविनाच पसरली होती. तेथे नात्यातला किंवा गावाकडचा मुलगा येई, भांडी घासण्यापासून गल्ल्यापर्यंत सर्व कामे शिके आणि पुढे स्वतःचे दुकान टाकी. रॉयल्टी नव्हती, परंतु आठ-दहा वर्षांची उमेदवारी होती. आजचा परवाना घेणारा त्या उमेदवारीऐवजी पैसे मोजतो आणि दोन-तीन आठवड्यांचे प्रशिक्षण घेतो, हे विसरता कामा नये.

म्हणून पहिला प्रश्न असा की, कंपनीला पैसा कोठून मिळतो? दुकाने वर्षानुवर्षे चालून त्यांच्या विक्रीतून मिळत असेल, तर दुकान टिकण्यात कंपनीचेही हित आहे. तो मुख्यतः प्रवेशशुल्कातून आणि सजावटीच्या ठेक्यातून मिळत असेल, तर ती कंपनी खाद्यपदार्थ नव्हे, दुकानेच विकत आहे असे समजावे. अशा कंपनीला जुने दुकान बंद पडल्याचे दुःख नवे दुकान विकले जाईपर्यंतच राहते.

नावाची मालकी

ज्या नावासाठी लाखो रुपये मोजावयाचे, ते नाव देणाऱ्याच्या मालकीचे आहे काय, हे अनेक जण तपासत नाहीत. व्यापारचिन्हांची नोंदणी ‘व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९’ खाली होते आणि तिची नोंदवही शासनाच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. तेथे तीन गोष्टी पाहाव्यात. चिन्ह खरोखर नोंदले गेले आहे की केवळ अर्ज दाखल आहे? ते कोणत्या वर्गात नोंदले आहे? उपाहारगृहाच्या सेवा ४३ व्या वर्गात येतात. चहा, कॉफी, मसाले, पाव हे पदार्थ ३० व्या वर्गात. केवळ मसाल्यासाठी नोंदलेल्या नावावर उपाहारगृहाचा परवाना विकला जात असेल, तर विचारपूस करावी. तिसरी गोष्ट म्हणजे मालक कोण. कित्येकदा करार करते कंपनी आणि चिन्ह असते संस्थापकाच्या वा त्याच्या भावाच्या वैयक्तिक नावावर. उद्या भावाभावांत वाद झाल्यास परवानाधारकाच्या डोक्यावरील फलकच वादग्रस्त होतो. नोंदणी १० वर्षांसाठी असते व तिचे नूतनीकरण करता येते. नोंदणी न झालेले चिन्ह नोंदलेले असल्याचे भासविण्यास याच अधिनियमाने मनाई आहे.

पुण्यात चहाच्या दुकानाला ‘अमृततुल्य’ म्हणण्याची रीत जुनी आहे. अशा लोकरूढ शब्दापुढे एखादे आडनाव जोडले की नवी नाममुद्रा तयार होते. पण शेजारचा दुकानदार तोच शब्द दुसऱ्या आडनावाबरोबर वापरू लागला तर त्याला थोपविणे सोपे नसते. नावाची किंमत ठरविताना याचा विचार व्हावा.

हिशेब मांडून पाहावा

माहितीपत्रकात ‘अठरा महिन्यांत भांडवल परत’ असे लिहिलेले असते. त्यावर विश्वास किंवा अविश्वास ठेवण्यापेक्षा कागद घेऊन स्वतः आकडे मांडणे हिताचे. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.

समजा, प्रवेशशुल्क ५ लाख रुपये, त्यावर १८ टक्के दराने ९० हजार वस्तू व सेवा कर, सजावट व यंत्रसामग्री ११ लाख आणि गाळ्याची अनामत ३ लाख. एकूण सुमारे २० लाख रुपये. पैकी ८ लाख वडिलांच्या निवृत्तीच्या रकमेतून आणि १२ लाख बँकेच्या कर्जातून उभे केले. दुकान सुरू झाले. कर वगळून महिन्याची विक्री ४ लाख रुपये झाली, तर ३८ टक्के कच्च्या मालाचे १,५२,०००, भाडे ६०,०००, पाच नोकरांचा पगार ९०,०००, वीज व गॅस २८,०००, दुरुस्ती व किरकोळ खर्च १०,००० रुपये. निम्मी विक्री घरपोच सेवा देणाऱ्या कंपन्यांमार्फत झाली आणि त्यांचे कमिशन व त्यावरील कर मिळून २२ टक्के धरले, तर ४४,००० रुपये. येथवरचा खर्च ३,८४,००० रुपये होतो. १६,००० शिल्लक राहतात. आता ६ टक्के रॉयल्टीचे २४,००० आणि त्यावरील कराचे ४,३२० रुपये वजा करावेत. शिल्लक नाहीशी होऊन १२,३२० रुपयांचा तोटा उरतो. त्याच महिन्यात कंपनीला मात्र २४,००० रुपये मिळालेले असतात. कच्चा माल तिच्याकडूनच घेतलेला असेल, तर त्यावरील नफा वेगळा.

विक्री ५ लाखांवर गेली तर चित्र पालटते. कच्चा माल १,९०,०००, कमिशन ५५,०००, वीज व गॅस ३०,०००, रॉयल्टी करासह ३५,४०० आणि इतर खर्च पूर्वीइतकेच धरल्यास २९,६०० रुपये नफा दिसतो. परंतु १२ लाखांच्या कर्जाचा ११ टक्के व्याजाने पाच वर्षांचा हप्ता सुमारे २६,१०० रुपये येतो. हाती उरतात साडेतीन हजार रुपये. वडिलांचे ८ लाख ७ टक्क्यांच्या ठेवीत राहिले असते, तर महिन्याला सुमारे ४,६७० रुपये व्याज आले असते. मुलगा दिवसाचे बारा तास गल्ल्यावर बसला, त्याची मजुरी यात कोठेच धरलेली नाही.

या उदाहरणात खेळते भांडवल मुळीच ठेवलेले नाही, ही आणखी एक उणीव. आणि प्रत्यक्षातही हीच चूक सर्वाधिक घडते. नवे दुकान पहिल्या महिन्यापासून ५ लाखांची विक्री करील असे मानण्यास आधार नसतो. निदान सहा महिन्यांचे भाडे, पगार आणि हप्ते बाजूला ठेवता येत नसतील, तर दुकान लहान करावे किंवा बेत पुढे ढकलावा. दुकान बंद करावे लागल्यास प्रवेशशुल्क परत मिळत नाही, सजावट मोडीतही जात नाही आणि यंत्रांना मिळेल ती किंमत घ्यावी लागते. परत येते ती गाळ्याची अनामत, तीही थकीत भाडे वजा जाता.

रॉयल्टीवरील कर हा वरवर लहान दिसणारा मुद्दा मुद्दाम सांगण्यासारखा आहे. स्वतंत्र उपाहारगृहांना १५ नोव्हेंबर २०१७ पासून ५ टक्के कर लागू आहे, मात्र खरेदीवर आणि सेवांवर भरलेल्या कराची वजावट त्यांना मिळत नाही. कापडाचा व्यापारी असा कर वजा करून घेतो. उपाहारगृहाच्या मालकाला तो खर्चातच धरावा लागतो. कंपनीचा प्रतिनिधी ‘कर काय, वळताच होतो’ असे सांगू लागला, तर त्याला हा व्यवसाय कळत नाही किंवा तो सोयीस्करपणे विसरत आहे.

गाळा, पंचायत आणि परवाने

कंपनीने सुचविलेली जागा चांगलीच असते असे नाही. ती मुंबई किंवा दिल्लीतील कार्यालयातून नकाशावर पाहिलेली असते. महाविद्यालयासमोरच्या दुकानाला सुट्यांचे अडीच-तीन महिने कसे जातात, बाजाराच्या दिवशीची गर्दी इतर सहा दिवस असते काय, बाह्यवळण रस्ता मंजूर झाला आहे काय, हे गावातील माणसालाच ठाऊक. महामार्गालगतचे अनेक ढाबे वळणरस्ता होताच ओस पडले. ग्रामपंचायतीच्या हद्दीत जमीन अकृषिक झालेली आहे काय, बांधकाम मंजूर आहे काय आणि महामार्गावरून प्रवेशाची परवानगी आहे काय, या तीन कागदांवाचून केलेली सजावट धोक्याची.

भाड्याचा करार ‘महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९’ नुसार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे. फ्रँचायझीची मुदत ९ वर्षे आणि गाळ्याचा परवाना ३ वर्षांचा, अशी विसंगती वारंवार आढळते. दुकानाचा जम बसला की चौथ्या वर्षी गाळामालक भाडे दीडपट मागतो. जागा सोडावी तर सजावट वाया जाते आणि कंपनीचा करारही मोडतो.

अन्न सुरक्षेचा परवाना किंवा नोंदणी, दुकाने व आस्थापनांची नोंद, स्थानिक संस्थेची व आवश्यक तेथे अग्निशमन विभागाची परवानगी, ही सर्व जबाबदारी परवाना घेणाऱ्याच्या नावावर असते. ‘अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६’ खाली प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र परवाना लागतो. कंपनीच्या मुख्य कार्यालयाचा परवाना शाखेला चालत नाही. अन्न व औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्याने नमुना घेतला, तर पहिली विचारणा दुकान चालविणाऱ्याकडे होते. म्हणून कंपनीकडून येणाऱ्या प्रत्येक मालाचे बिल आणि गटक्रमांक जपून ठेवावा.

करारातील लहान अक्षरे

करार बहुधा चाळीस-पन्नास पानांचा आणि इंग्रजीत असतो. तो कंपनीच्या वकिलाने कंपनीसाठी लिहिलेला असतो, यात गैर काही नाही. परंतु तो घरी नेऊन स्वतःच्या वकिलाकडून वाचून घेण्यास हरकत घेतली गेली, तर तेथेच थांबावे. क्षेत्र किती किलोमीटरचे राखीव आहे आणि त्यात कंपनी स्वतः किंवा घरपोच सेवेमार्फत विक्री करू शकते काय? कच्चा माल कंपनीकडूनच घेण्याचे बंधन असेल, तर दरवाढीला मर्यादा कोणती? दर काही वर्षांनी सजावट बदलण्याची सक्ती आहे काय? दुकान दुसऱ्याला विकता येते काय आणि त्यासाठी हस्तांतरण शुल्क किती? मालकाचा मृत्यू झाल्यास वारसांचे काय? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर अनेक करारांत सापडतच नाही.

‘भारतीय करार अधिनियम, १८७२’ च्या कलम २७ नुसार कोणाला व्यवसाय करण्यास प्रतिबंध करणारा करार त्या मर्यादेपर्यंत शून्य ठरतो. मात्र गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले की, कराराची मुदत चालू असताना प्रतिस्पर्ध्याचा व्यवसाय न करण्याची अट सामान्यतः या कलमाच्या कक्षेत येत नाही. म्हणजे मुदतीत शेजारी दुसरे दुकान काढणे अंगाशी येऊ शकते. वाद लवादाकडे जाईल आणि लवादाचे स्थान गुरुग्राम असेल, असे कलम असल्यास लातूरच्या दुकानदाराला दोन लाखांच्या वसुलीसाठी किती फेऱ्या घालाव्या लागतील, याचा अंदाज आधीच करावा. ग्राहक आयोगाचा मार्गही मर्यादित आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमात व्यापारी हेतूने केलेले व्यवहार वगळले आहेत. केवळ उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला अपवाद आहे आणि तो सिद्ध करावा लागतो.

मोठ्या पक्षांनाही हा संसार सुखाचा होतोच असे नाही. उत्तर व पूर्व भारतातील मॅक्डोनल्ड्सची उपाहारगृहे १९९५ मध्ये कंपनी आणि विक्रम बक्षी यांनी निम्म्या-निम्म्या भागीदारीत स्थापलेली संस्था चालवीत होती. ऑगस्ट २०१३ मध्ये बक्षी यांना व्यवस्थापकीय संचालकपदावरून दूर करण्यात आले आणि वाद न्यायाधिकरणापर्यंत गेला. जून २०१७ मध्ये परवान्यांचे नूतनीकरण न झाल्यामुळे दिल्लीतील ५५ पैकी ४३ उपाहारगृहे बंद ठेवावी लागली. ऑगस्टमध्ये १६९ उपाहारगृहांचा नाव वापरण्याचा करार रद्द केल्याची घोषणा झाली. मे २०१९ मध्ये तडजोड होऊन बक्षी यांचा हिस्सा कंपनीने घेतला. सहा वर्षे वकिलांची फौज पोसण्याची ऐपत तेथे दोन्ही बाजूंना होती.

जी माहिती कायदा मिळवून देत नाही

अमेरिकेत १९७९ पासून लागू असलेल्या नियमानुसार कंपनीने परवाना विकण्यापूर्वी माहितीचा विस्तृत दस्तऐवज देणे बंधनकारक आहे. सध्याच्या तरतुदीप्रमाणे सही किंवा पैसे यांच्या निदान १४ दिवस आधी तो द्यावा लागतो आणि त्यात २३ बाबी असतात. त्यांपैकी एका बाबीत किती दुकाने उघडली, किती बंद पडली आणि नुकतेच बाहेर पडलेले परवानाधारक कोण, हे सांगावे लागते. मलेशियाने १९९८ मध्ये स्वतंत्र कायदा केला. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. करार, व्यापारचिन्ह आणि स्पर्धा यांविषयीच्या सर्वसाधारण कायद्यांवरच भागवावे लागते. ही उणीव दूर होणे अगत्याचे आहे. तोवर तीच २३ बाबींची माहिती खरेदीदाराने स्वतः मागावयाची.

चालू दुकानांची यादी कंपनी आनंदाने देते. बंद पडलेल्यांची मागावी. ती न मिळाल्यास कंपनीच्या दोन-तीन वर्षांपूर्वीच्या जाहिरातीतील पत्ते आजच्या यादीशी ताडून पाहावेत आणि गळालेल्या ठिकाणी जाऊन शेजारच्या दुकानदाराला विचारावे. चालू दुकानांपैकी कंपनीने न सुचविलेल्या चार-पाच ठिकाणी एक संपूर्ण दिवस बसून बिले मोजावीत. कंपनीचे वार्षिक हिशेब कंपनी निबंधकाच्या दप्तरी असतात आणि अल्प शुल्कात पाहता येतात.

दुकान न चालविता ‘दरमहा ठराविक परतावा हमखास’ देऊ करणाऱ्या योजनांची गोष्ट निराळी आहे. विक्री होवो वा न होवो, पैसे मिळणारच असतील, तर ते पैसे कोठून येतात? अशी योजना ठेवींच्या स्वरूपाची तर नाही ना, हे १९९९ च्या ठेवीदार संरक्षण अधिनियमाच्या आणि २०१९ च्या अनियमित ठेव योजना बंदी अधिनियमाच्या दृष्टीने तपासून घ्यावे. निव्वळ फसवणूकही होते. अमूलच्या नावाने परवाने देणाऱ्या बनावट संकेतस्थळांविरुद्ध २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल करावा लागला होता. नोंदणीशुल्क एखाद्या व्यक्तीच्या खात्यात भरण्यास सांगणे ही अशा फसवणुकीची ठळक खूण होय. रक्कम गेल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. पहिल्या काही तासांत खाते गोठविता येण्याची शक्यता अधिक असते.

शासकीय सेवेतील वाचकांना एक बाब ठाऊक असावी. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार शासकीय कर्मचाऱ्याला पूर्वपरवानगीशिवाय खाजगी व्यापार करता येत नाही आणि कुटुंबातील व्यक्ती व्यापार करीत असल्यास तसे शासनाला कळवावे लागते. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६७ चे स्वतंत्र वर्तणूक नियम आहेत. दुकान पत्नीच्या किंवा मुलाच्या नावावर असले, तरी बँकेच्या कर्जाला जामीन राहण्यापूर्वी आणि गल्ल्यावर बसण्यापूर्वी कार्यालयप्रमुखांकडे लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी.